वीस मिनिटे हाताची, बाकी वाळवणाची: नोकरदार घरासाठी हस्तकलेचा मार्गदर्शक

हस्तकलेची बहुतेक वर्णने वाचताना असा समज होतो, की त्यासाठी एक मोकळा रविवार, एक मोकळे टेबल आणि शांत चित्ताचे आईवडील लागतात. पुण्यात दोघेही नोकरी करत असतील, एक जण हिंजवडीहून तर दुसरा हडपसरहून घरी पोहोचत असेल आणि मुलांच्या शिकवण्या संपेपर्यंत साडेसात वाजत असतील, तर या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी मिळणे कठीणच असते. आमच्या घरी दोन वर्षे रविवारची वाट पाहण्यात गेली. त्यानंतर उन्हाळ्यात सासूबाई गच्चीवर कुरडया घालत असताना एक साधी गोष्ट ध्यानात आली. वाळवणात हाताचे काम सकाळच्या तासाभराचे असते आणि उरलेले काम ऊन करते. कागद, खळ, माती आणि बांबू यांच्या वस्तूंनाही हेच लागू पडते. त्यांना माणसाचा वेळ थोडा आणि सुकण्याचा वेळ पुष्कळ लागतो, आणि हा सुकण्याचा वेळ आपण झोपलेले किंवा कचेरीत असतानाही चालूच राहतो.

म्हणून पुढील सर्व कृती रोज रात्रीच्या जेवणाआधीच्या वीस मिनिटांत बसतील अशा तोडून दिल्या आहेत. कोणतीही वस्तू एका बैठकीत पूर्ण करण्याचा प्रयत्न करू नये. ओल्या थरावर घाईने दुसरा थर चढवला की वस्तू बिघडते आणि मुलांचा उत्साहही तिथेच संपतो.

आधी परात, मग कात्री

साहित्य जमवण्याच्या आधी घरातली एक जुनी मोठी परात या कामासाठी कायमची वेगळी काढावी. चालू असलेली वस्तू, खळीची वाटी आणि कात्री हे सर्व परातीतच राहील असा नियम केला, की जेवणाची वेळ झाल्यावर अर्धवट काम जसेच्या तसे उचलून कपाटावर ठेवता येते. पसारा आवरण्यावरून होणारी निम्मी भांडणे या एका परातीने मिटतात. परातीत न मावणाऱ्या वस्तू वर्षातून दोनच कराव्यात, त्यांचे वर्णन शेवटी येईल.

परातीच्या जोडीला बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा असावा. त्यात बोथट टोकाची एक व धारदार एक अशा दोन कात्र्या, जाड सुती दोरा, पट्टी, पॉलिश पेपरचा तुकडा, दोन जुने ब्रश आणि फेव्हिकॉलची लहान बाटली एवढेच ठेवावे. पतंगी कागद, घोटीव कागद आणि कार्डशीट अप्पा बळवंत चौकातल्या किंवा रविवार पेठेतल्या बोहरी आळीतल्या दुकानांत सहज मिळतात. मात्र एका वेळी एका वस्तूपुरतेच आणावेत, कारण गुंडाळून ठेवलेल्या कागदांना कडा मुडपण्याची खोड असते. तयार हस्तकला-संच विकत घेऊ नयेत, असे माझे मत आहे. आम्ही घेतलेल्या अशा एका संचात सर्व तुकडे आधीच कापलेले होते, आणि ते चिकटवून झाल्यावर मुलीने विचारले, की यात मी काय केले?

खळ

घरी शिजवलेली खळ बहुतेक कागदकामाला पुरते आणि लहान मुलांच्या हातात निर्धास्तपणे देता येते. पाव वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी राहणार नाही असा कालवावा, उरलेले मिळून एकंदर एक वाटी पाणी होईल इतके पाणी उकळून त्यात हळूहळू ओतावे आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटे सतत ढवळावे. दुधासारखा पांढरा रंग जाऊन मिश्रण किंचित पारदर्शक दिसू लागले, की खळ झाली असे समजावे. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून आचेवरून थोडी पातळ असतानाच उतरवावी. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्यावी.

जुने लोक खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी असते आणि मुले खळीची बोटे तोंडात घालतात, त्यामुळे घरच्या खळीत ते कधीही घालू नये.

पहिली वस्तू: कागदाची वाटी

नवख्या घराने सुरुवात वाटीने करावी. पहिल्या संध्याकाळी फक्त कागद फाडायचा. वर्तमानपत्राचे बोटभर रुंद पट्टे कात्रीने न कापता हाताने फाडावेत, कारण फाटलेल्या कडेचे तंतू विस्कटलेले असतात आणि ते शेजारच्या पट्ट्यात मिसळून सपाट बसतात. कापलेली कड मात्र पायरीसारखी वर राहते. कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वाकडातिकडा फाटतो, हे मुलांना स्वतःच शोधू द्यावे. कारखान्यात कागद तयार होताना त्याचे बहुतेक तंतू एकाच दिशेला पडतात, हे त्यामागचे कारण आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला या कामासाठी मोठ्यांची मदत लागत नाही, आणि तेवढ्या वेळात कणीक मळून होते.

दुसऱ्या संध्याकाळी स्टीलची एक वाटी परातीत पालथी घालून तिला बाहेरून तेलाचा हात लावावा. पहिला थर केवळ पाण्यात बुडवलेल्या पट्ट्यांचा द्यावा, म्हणजे वाळल्यावर कागद स्टीलपासून सहज सुटतो. त्यावर खळ लावलेल्या पट्ट्यांचे दोन थर द्यावेत आणि परात कपाटावर ठेवून द्यावी. तिसऱ्या आणि चौथ्या संध्याकाळी आणखी दोन-दोन थर द्यावेत. इथे एक युक्ती उपयोगी पडते. एक थर साध्या वर्तमानपत्राचा आणि पुढचा अर्थविषयक गुलाबी वर्तमानपत्राचा दिला, की कुठे थर द्यायचा राहिला हे रंगावरून लगेच दिसते आणि वाटी एका बाजूला पातळ राहत नाही. पाचव्या दिवशी वाटी पूर्ण वाळलेली असेल तर तिच्यावर टिचकी मारल्यावर कोरडा, टणक आवाज येतो. मग कड कापून घ्यावी, आतून-बाहेरून पांढऱ्या कागदाचा एक थर द्यावा आणि तो वाळल्यावर पोस्टर रंगांनी रंगवावी. या वाटीत किल्ल्या, रबरबँड, सुटी नाणी ठेवावीत. खाद्यपदार्थ किंवा ओली वस्तू ठेवू नये.

ज्या घरात आजी असतील तिथे त्यांना लगद्याच्या टोपल्यांविषयी जरूर विचारावे. पूर्वी अनेक घरांत भिजवलेल्या कागदाच्या लगद्यात वाटलेल्या मेथ्या मिसळून टोपल्या केल्या जात. मेथीचा चिकटपणा लगद्याला धरून ठेवतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड दूर राहते असा अनुभव सांगितला जातो. ही रीत पट्ट्यांच्या वाटीहून अधिक वेळखाऊ आहे, तरी ती शिकवणारे माणूस घरात असताना ती शिकून घ्यावी.

हे सर्व काम ऑक्टोबर ते मे या काळातच करावे. पुण्याच्या पावसाळ्यात कागदाचे थर रात्रभरात वाळत नाहीत. आम्ही जुलैत केलेल्या वाटीला तिसऱ्या दिवशी हिरवट बुरशी आली होती आणि ती शेवटी खताच्या बादलीत गेली.

पावसाळ्यासाठी: काड्या आणि वॉल ट्यूब

ज्या महिन्यांत काही वाळत नाही, त्या महिन्यांत वाळवण्याची गरजच नसलेले काम निवडावे. सायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी बारीक रबरी ‘वॉल ट्यूब’ आणि आगपेटीच्या काड्या यांची जोडणी त्यासाठी उत्तम आहे. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानखेळणी करणारे अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोमध्ये, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, अभियंता होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काड्या व वॉल ट्यूब यांची ही जोडणी तिथे त्यांनी तयार केली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांसाठी काम केले, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मोठ्या माणसाने प्रथम काड्यांचे गुल खरवडून काढावेत आणि ती पूड पाण्यात टाकून नष्ट करावी. ट्यूबचे सुमारे दीड सेंटिमीटरचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात दोन्ही टोकांकडून एकेक काडी खुपसली, की लवचीक सांधा तयार होतो. तीन काड्या आणि तीन तुकडे घेऊन त्रिकोण करावा; चार काड्या आणि चार तुकडे घेऊन चौकोन करावा. आता दोन्ही आकृत्या दाबून पाहाव्यात. चौकोन कलतो, तिरपा होतो, चपटाही होतो. त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. पूल, विजेचे मनोरे आणि छताच्या कैच्या यांत त्रिकोण का असतात, याचे उत्तर मुलाला बोटांतून मिळते. संगमाच्या बाजूला जाताना रेल्वे पुलाकडे बोट दाखवण्याची जबाबदारी मग तेच आपल्यावर घेते. हा त्रिकोण लक्षात ठेवावा, कारण आकाशकंदिलात त्याचाच उपयोग होणार आहे.

पाहुणे अचानक आले आणि त्यांच्या मुलांना तासभर गुंतवायचे असेल, तर भेंडीचे देठाकडचे टोक आडवे कापून, कापलेली बाजू कागदावर टिपून घ्यावी आणि घट्ट पोस्टर रंगात बुडवून खाकी कागदावर ठसे उमटवू द्यावेत. राखीच्या भेटीला हाच कागद गुंडाळायला होतो. याहून अधिक सांगण्यासारखे त्यात काही नाही.

गणपतीच्या आधी शाडूची मूर्ती घरी करायची असेल तर ती वीतभर उंचीपर्यंतच ठेवावी आणि नेहमी सावलीत वाळवावी. उन्हात बाहेरची माती आधी आकसते, आतली ओलीच राहते आणि मूर्तीला तडे जातात. विसर्जन घरच्या बादलीत केले तर तळाशी बसलेला गाळ वाळवून, कुटून पुढच्या वर्षी पुन्हा मळता येतो.

आकाशकंदील: दसऱ्यानंतरच्या सात संध्याकाळी

परातीत न मावणारी पहिली वस्तू म्हणजे आकाशकंदील. त्याचे काम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू करावे. कंदिलाचे अनेक प्रकार आहेत, पण नवख्यांसाठी सहा सारख्या चौकोनांचा कंदील मला सर्वांत सोपा वाटतो. त्यात एकाच मापाच्या चोवीस कामट्या लागतात, म्हणजे मोजण्यात चूक व्हायला जागाच राहत नाही.

पहिल्या संध्याकाळी बुरुडाकडून आणलेल्या, साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीच्या कामट्या २२ सेंटिमीटर लांबीच्या कापून घ्याव्यात. त्यांना पॉलिश पेपर लावण्याचा कंटाळा करू नये. बांबूची कूस बोटात गेली तर पुढच्या सहा संध्याकाळी मुले फिरकत नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी दोन कामट्या समांतर ठेवून त्यांच्या टोकांवर दुसऱ्या दोन आडव्या ठेवाव्यात, टोके एकेक सेंटिमीटर बाहेर राहू द्यावीत आणि कोपरे दोऱ्याने फुलीसारखे आवळून बांधावेत. असे सहा चौकोन करावेत. हे एका संध्याकाळी संपणार नाहीत असे वाटत असेल तर तीन-तीन वाटून घ्यावेत. आमच्याकडे गाठी आजींच्याच घट्ट बसतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला चार येतात. प्रत्येक गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब द्यावा.

तिसरी संध्याकाळ सर्वांत रंजक असते आणि त्या दिवशी घरातली सर्व माणसे हजर असावीत, कारण हात बरेच लागतात. चार चौकोन कोनावर उभे करावेत, म्हणजे प्रत्येकाचा एक कोपरा वर, एक खाली आणि दोन बाजूंना येतील. शेजारशेजारच्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधून चौघांचे कडे करावे. हे कडे या टप्प्यावर अगदी डळमळीत असते आणि आपले काही चुकले असे वाटते, पण घाबरू नये. आता पाचवा चौकोन वर आडवा धरून त्याचे चार कोपरे कड्याच्या वरच्या चार टोकांना बांधावेत आणि सहावा तसाच खाली बांधावा. शेवटची गाठ पडताच सगळा सांगाडा एकदम ताठ होतो. कारण चौकोनांच्या मधल्या मोकळ्या जागांत वर चार आणि खाली चार असे आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले असतात. पावसाळ्यात काड्यांचा त्रिकोण दाबून पाहिलेले मूल हे आपणहून ओळखते. सांगाड्याची उंची-रुंदी जवळजवळ २८ सेंटिमीटर भरते.

चौथ्या आणि पाचव्या संध्याकाळी कागद लावावा. वरचा चौकोन दिव्यासाठी आणि खालचा हवेसाठी मोकळा ठेवायचा असल्याने बाजूचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण एवढेच झाकायचे असतात. सांगाडा पतंगी कागदावर टेकवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढावी आणि बोटभर कागद जास्त ठेवून कापावा. खळ कागदाला लावू नये, कामटीला लावावी. ओला झालेला पतंगी कागद हातातच फाटतो. आधी चौकोन लावून रात्रभर वाळू द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी त्रिकोण लावावेत. चौकोनांना एक रंग आणि त्रिकोणांना दुसरा रंग दिला, तर रात्री रचना उठून दिसते. कागदाला सुरकुत्या पडल्या असतील तर वाळल्यानंतर पाण्याचा अगदी हलका फवारा मारून पाहावा, वाळताना तो थोडा ताणला जातो. मात्र रंग उतरतो का हे आधी उरलेल्या तुकड्यावर तपासावे.

सहाव्या संध्याकाळी गोल कापून मधोमध दुमडलेल्या करंज्या कडांवर चिकटवाव्यात आणि खालच्या चौकोनाला हातभर लांबीच्या शेपट्या लावाव्यात. करंज्यांनी कागदाच्या ओबडधोबड कडा झाकल्या जातात, त्यामुळे आधीच्या दोन संध्याकाळच्या चुका आता कोणालाही दिसत नाहीत. सातव्या संध्याकाळी वरच्या चौकोनावर दोन कामट्या आडव्या बांधून त्यांच्यामधून होल्डर सोडावा. दिवा कमी वॅटचा एलईडीच असावा, कारण जुन्या पद्धतीचा बल्ब तापतो आणि कागद पेट घेऊ शकतो. जोडणी मोठ्या माणसाने, मुख्य बटण बंद ठेवूनच करावी. परतीचा पाऊस रेंगाळत असेल, तर कंदील गॅलरीच्या छताखाली आतल्या बाजूला टांगावा.

किल्ला

कंदील होईपर्यंत कोजागरी मागे पडलेली असते आणि वसुबारसेला नऊ-दहा दिवस उरतात. किल्ल्याला तेवढेच हवे असतात. पुण्यातल्या वाड्यांच्या अंगणात किल्ला दगडविटांवर रचला जाई. सदनिकेच्या गॅलरीत तो हलका आणि न गळणारा असावा लागतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर आमच्या सिंहगडाचे मातकट पाणी ठिबकले होते, तेव्हापासून आम्ही प्लायवूडच्या फळीवर जाड प्लास्टिक पसरून, त्याच्या कडा वर वळवून घेतल्याशिवाय माती आणत नाही.

कुठला किल्ला करायचा हे पहिल्याच दिवशी ठरवावे. नुसता डोंगर करून त्यावर मावळे उभे करण्यापेक्षा एक खरा किल्ला नकाशावरून करणे अधिक सोपे जाते. राजगड त्यासाठी सोयीचा आहे, कारण मधोमध उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या एवढा आकार साधला तरी तो ओळखू येतो.

दुसऱ्या संध्याकाळी रिकामी खोकी आणि चुरगळलेली वर्तमानपत्रे दोऱ्याने बांधून हा आकार उभा करावा. तिसऱ्या संध्याकाळी जुने पोते चिखलात बुडवून, पिळून त्यावर पांघरावे आणि हाताने दाबून कडे, घळी काढाव्यात. एक रात्र ते तसेच आवळू द्यावे. चौथ्या संध्याकाळी कुंड्यांतल्या मातीचा बोटभर थर लिंपावा आणि तटबंदी, बुरूज, दरवाजा, पाण्याचे टाके हे सर्व करून घ्यावे. टाक्यासाठी नारळाची करवंटी पुरते.

वसुबारसेच्या सहा दिवस आधी पेरणी व्हायलाच हवी. उतारावर अळीव पेरावेत आणि सपाट माचीवर मोहरी. अळीव भिजल्यावर त्याभोवती चिकट आवरण तयार होते, त्यामुळे तो उभ्या कड्यावरूनही घसरत नाही. मोहरी मात्र पहिल्याच पाण्यासरशी पायथ्याशी जमा होते. पाणी ओतू नये, दिवसातून दोनदा फवारावे. सकाळचा फवारा शाळेची बस येण्याआधी आणि संध्याकाळचा आल्यावर, असे काम मुलांकडेच सोपवावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड दिसतात आणि सणापर्यंत गडावर हिरवळ येते. त्याआधीच्या रविवारी कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात जाऊन महाराज आणि मावळे आणावेत. महाराजांचे सिंहासन बालेकिल्ल्यावर, पहारेकरी दरवाजांत आणि गवळणी पायथ्याच्या गावात, ही वाटणी मुले करतील तशी राहू द्यावी. ती झोपल्यावर मावळ्यांच्या रांगा सरळ करण्याचा मोह अनेक वडिलांना होतो. तो टाळावा, कारण सकाळी ते ओळखले जाते.

तुळशीचे लग्न होईपर्यंत गवत पिवळे पडू लागते. तेव्हा महाराज-मावळ्यांची चित्रे पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावीत, पोते धुऊन वाळत घालावे, खोकी रद्दीत द्यावीत आणि गडाची माती मुळ्यांसकट पुन्हा कुंड्यांत भरावी. आमच्या कढीपत्त्याच्या कुंडीत चुकलेली मोहरी जानेवारीपर्यंत उगवत असते.